थांबलेला बाजार आणि आटलेली तिजोरी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा वाढवून लिहिला आहे.)



आजच्या भाषणासाठी मी 'कोरोनाची महामारी आणि राज्याचा अर्थसंकल्प' हा विषय निवडला आहे. विषय ऐकताच काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अर्थसंकल्प हे मंत्र्यांचे आणि हिशेबनिसांचे काम. त्याच्याशी माणदेशातल्या साध्या माणसाचा काय संबंध, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या गावाच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्या गावाला सरकार चार हात दूर असले तरी चालते. ज्याला उन्हाळ्यात टँकर लागतो, जनावरांना छावणी लागते, हाताला रोजगार हमीचे काम लागते आणि शेताला दुसऱ्या नदीचे उचललेले पाणी लागते, त्या मुलखाचा जीव सरकारी तिजोरीत गुंतलेला असतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा आपला सारा पट्टा असा आहे. म्हणून तिजोरी कशी भरते, कशी आटते, आणि आटली म्हणजे कोणाच्या वाटचे पाणी पहिल्यांदा तुटते, हे समजून घेण्याची गरज मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त आहे.

कोणताही हिशेब समजून घ्यायचा तर प्रथम त्याच्या तारखा पाहाव्या लागतात. ६ मार्च २०२० रोजी तत्कालीन वित्तमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत २०२०-२१ या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला. विधान परिषदेत तो मांडला तत्कालीन वित्त राज्यमंत्री शंभूराज देसाई यांनी, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यातील पाटणच्या आमदारांनी. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, पुण्यात राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. याचा अर्थ असा की, ज्या वर्षासाठी एवढा हिशेब मांडला त्या वर्षाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा राज्यातील बाजारपेठांना कुलूप होते.

आता आकडे पाहू. आकडे मोठे आहेत, पण घाबरण्याचे कारण नाही. अर्थसंकल्पात महसुली जमा ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी रुपये धरली होती. महसुली जमा म्हणजे कर, फी, केंद्राकडून मिळणारा वाटा आणि अनुदाने. यात कर्जाची रक्कम येत नाही. महसुली खर्च, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने, शाळा-दवाखान्यांचा चालू खर्च, ३ लाख ५६ हजार ९६८ कोटी धरला होता. दोहोंतील फरक ९ हजार ५११ कोटी, ही अपेक्षित महसुली तूट. वर्ष संपल्यावर प्रत्यक्षात जमा झाले सुमारे २ लाख ६९ हजार कोटी. अपेक्षेपेक्षा सुमारे ७८ हजार कोटी कमी. सोप्या भाषेत सांगायचे तर, जिथे शंभर रुपये येतील असे धरले होते तिथे साडेसत्त्याहत्तर रुपये आले.

एखाद्या घरात असे झाले तर घरधनी काय करतो? काही खर्च कापतो आणि उरलेल्यासाठी उसनवारी करतो. राज्यानेही तेच केले. महसुली खर्च सुमारे ४६ हजार कोटींनी खाली आणला, आणि तरीही तूट ९ हजार ५११ कोटींवरून ४१ हजार कोटींच्या वर गेली, म्हणजे जवळजवळ ३२ हजार कोटींनी वाढली. ४६ आणि ३२ मिळून ७८. विद्यार्थी मित्रांनो, ही बेरीज लक्षात ठेवा. संकटाच्या वर्षात राज्याने काय केले ते या एका बेरजेत आले. त्यातील ४६ हजार कोटी कोणाच्या तरी वाटणीचे त्याच वर्षी कमी झाले, आणि ३२ हजार कोटी पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज म्हणून लिहिले गेले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळा दोष महामारीच्या माथी मारता येणार नाही. आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, प्रत्यक्ष जमा सुमारे २ लाख ८३ हजार कोटी होती. त्यावरून एकदम ३ लाख ४७ हजारांची उडी धरणे हाच आशावाद मोठा होता. आदल्या वर्षाशी तुलना केली तर घट सुमारे पाच टक्क्यांची दिसते. पण घराचा खर्च वाढता असताना उत्पन्न एका जागी थांबले तरी ओढाताण होते. येथे तर ते मागे गेले. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली, कोल्हापूर, सातारा जिल्ह्यांना पुराने झोडपले होते, आणि डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीची घोषणा झाली होती. तिजोरीवर भार आधीच होता. महामारीने वरून पाय दिला.

आता प्रश्न असा की, आजाराने तिजोरी का आटावी? दुष्काळात तर ती एवढी आटत नाही! हा प्रश्न माणदेशी माणसाने विचारलाच पाहिजे, कारण त्याला दुष्काळाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

याचे उत्तर तिजोरीच्या झऱ्यांमध्ये आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्याच्या सरकारचे एक मुख्य उत्पन्न शेतसारा हे होते. १९१८-१९ साली पाऊसही फसला आणि इन्फ्ल्यूएंझाची जीवघेणी साथही आली. नुसत्या मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. त्या काळी पीक बुडाले की सारा तहकूब करावा लागे, माफ करावा लागे, आणि सरकारची मिळकत थेट कमी होई. आज जमीन महसुलाचा राज्याच्या उत्पन्नातील वाटा अगदी किरकोळ आहे. आजची तिजोरी भरते ती खरेदी-विक्रीवर, मालाच्या आणि माणसाच्या ये-जा करण्यावर.

समजा, म्हसवडच्या बाजारात एक बागवान डाळिंबे विकतो. ताज्या फळांवर वस्तू व सेवा कर नाही. तेव्हा त्याला वाटते, मी कुठला सरकारला कर देतो! पण ज्या टेंपोतून माल येतो त्याच्या डिझेलवर राज्याचा कर आहे. टेंपोच्या टायरवर कर आहे. त्याच्या मोबाइलच्या रिचार्जवर आहे. संध्याकाळी तो मुलासाठी बूट घेतो, बायकोसाठी साबण आणि तेल घेतो, त्या प्रत्येक वस्तूवर आहे. साठवून साठवून चार गुंठे जमीन घेतली तर मुद्रांक शुल्क आहे. असे थेंब थेंब करून तळे भरते. दुष्काळात माणचा बागवान खर्च कमी करतो, पण मुंबईचा, पुण्याचा, नाशिकचा माणूस खरेदी करीतच असतो. तळे भरतच राहते, आणि त्यातून माणला टँकर येतो. महामारीत सगळीकडचे थेंब एकाच दिवशी थांबले. नेहमी सर्वांत जास्त पाणी ओतणारी मुंबई सर्वांच्या आधी बंद पडली. एका भागाने दुसऱ्या भागाला हात द्यावा, हा दुष्काळातला मार्गच खुंटला.

एप्रिल २०१९ मध्ये सबंध देशात वस्तू व सेवा कराचे उत्पन्न १ लाख १३ हजार ८६५ कोटी होते. एप्रिल २०२० मध्ये ते ३२ हजार १७२ कोटींवर आले. त्या वर्षीचा रमजान टाळेबंदीत गेला आणि ईदही. कापडवाला, शिंपी, मणेर, चपलांचा दुकानदार, सर्वांचा वर्षाचा मोठा हंगाम हातचा गेला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरली नाही. यात्रेत खेळणी, भांडी, मिठाई विकणाऱ्यांचे जे गेले ते आपल्याला दिसले. त्या प्रत्येक न झालेल्या विक्रीबरोबर तिजोरीत न पडलेला थेंब मात्र दिसला नाही.

आणखी एक गंमत पाहा, खरे तर ती गंमत नव्हे. राज्याच्या आर्थिक पाहणीने २०२०-२१ मध्ये राज्याच्या अर्थव्यवस्थेत ८ टक्के घट अंदाजली. उद्योगात ११.३ टक्के, सेवाक्षेत्रात ९ टक्के घट. पण शेती व संलग्न क्षेत्रात ११.७ टक्के वाढ! बाकी सारे खाली जात असताना शेतकऱ्याने राज्य सावरून धरले. मात्र शेतीचे उत्पन्न कराच्या कक्षेत जवळजवळ येत नाही. त्यामुळे शेत पिकले, माणसे जगली, पण तिजोरी भरली नाही. शेतीला अनुदान मिळते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे वर्ष आठवावे. त्या वर्षी लोकांच्या ताटात अन्न होते, ते कोणी टाकले, याची नोंद कराच्या पावतीत सापडणार नाही.

आता राज्य सरकारच्या हातात उपाय काय होते ते पाहू. राज्याला नोटा छापता येत नाहीत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर बहुतेक वस्तूंवरचे कराचे दर एकट्या राज्याला बदलता येत नाहीत. ते परिषदेत सर्वांनी मिळून ठरतात. राज्याच्या हातात मोठ्या अशा तीनच चाव्या उरल्या होत्या: दारू, इंधन आणि मुद्रांक शुल्क. तिन्ही फिरवल्या गेल्या.

मे २०२० च्या सुरुवातीलाच दारूची दुकाने उघडण्यास परवानगी दिली गेली. शाळा बंद, मशिदी-मंदिरे बंद, आणि दारूच्या दुकानासमोर रांगा, हे दृश्य पाहून अनेकांना संताप आला. तो योग्यच होता. दिल्ली सरकारने तर दारूवर ७० टक्के खास कोरोना शुल्क लावले होते. परंतु महाराष्ट्राला त्या सुमारास या उत्पादन शुल्कातून वर्षाला सुमारे पंधरा हजार कोटी रुपये मिळत होते, हेही आपण जाणले पाहिजे. ज्या घरात दारूचा थेंब येत नाही, त्या घरातील मुलाच्या शिक्षणाचा खर्च काही अंशी त्या पैशातून होतो. ज्या राज्याचे चरितार्थाचे साधन असे असेल त्याने त्याहून शुद्ध साधन शोधले पाहिजे, असे मला वाटते. पण नुसता संताप करून ते सापडणार नाही.

दुसरी चावी इंधनाची. १ जून २०२० पासून राज्याने पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. हा बोजा मोटारवाल्याइतकाच ट्रॅक्टरवाल्यावर आणि शेतमालाच्या भाड्यावर पडला. तिसरी चावी मात्र उलट्या दिशेने फिरवली आणि तिचा गुण आला. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली. थांबलेले घरांचे व्यवहार पुन्हा सुरू झाले, नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली. ज्या कराची मोजणी व्यवहारावर होते, तो वाढवायचा तर आधी व्यवहार हलला पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

उत्पन्नाची बाजू झाली. आता खर्चाची. राज्याच्या महसुली जमेतील निम्म्याहून अधिक रक्कम पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जाते. त्याला हात लावणे अवघड. तरीही मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत दिला गेला. वर्ग १ व २ च्या अधिकाऱ्यांना पहिल्या टप्प्यात निम्मा, वर्ग ३ च्या कर्मचाऱ्यांना ७५ टक्के, आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांना पूर्ण. आम्ही शिक्षक वर्ग ३ मध्ये मोडतो. पंचवीस टक्के थांबले म्हणून घरोघर कुरकुर झाली हे खरे, पण शिपायाचा पगार आधी पूर्ण द्यावा, साहेबाचा नंतर, ही विभागणी मला न्याय्य वाटली. आमदारांच्या वेतनातही एप्रिल २०२० पासून वर्षभर ३० टक्के कपात झाली. केरळ सरकारने याच सुमारास दरमहा सहा दिवसांचा पगार पाच महिने राखून ठेवण्याचे ठरवले होते.

खरी कात्री चालली ती ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने. वित्त विभागाने ठरवले की, विकासाच्या कामांसाठी अर्थसंकल्पात धरलेल्या रकमेपैकी ३३ टक्केच मिळतील. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन हे विभाग अग्रक्रमाचे. बाकीच्यांनी नवी कामे काढू नयेत, नवी खरेदी करू नये, नवी भरती करू नये. आजारी माणसाला औषध आणि भुकेल्याला धान्य आधी, हा क्रम चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पुढे जमा सुधारू लागली तशी ही बंधने सैलही झाली.

पण वाचकहो, माझे म्हणणे येथूनच सुरू होते. कात्री कशावर चालते? जो खर्च थांबवला तर उद्या सकाळी कोणी दारात येऊन रडणार नाही, त्याच्यावर. पगार थांबला तर मोर्चा निघतो. व्याज थांबले तर राज्याची पत जाते. परंतु जो कालवा अजून खणलाच नाही, जो बंधारा अजून बांधलाच नाही, ज्या शाळेची खोली अजून नकाशातच आहे, जो तरुण बी.एड. होऊन भरतीची वाट पाहत आहे, त्याचे रडणे मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही. ज्या भागाचा विकास होऊन गेला आहे त्या भागाला विकासकामांची कपात फार लागत नाही. त्याचे कालवे वाहत आहेत, शाळा उभ्या आहेत. ज्या भागाचे बहुतेक सारे व्हायचे आहे, त्यालाच ती पूर्ण लागते. कागदावर कपात सर्वांना सारखी, ६७ टक्के. पण सारखी कपात सारखी लागत नाही.

आपल्या पाण्याचेच उदाहरण घ्या. माणगंगा वर्षाचे बहुतेक महिने कोरडी. म्हणून कृष्णेचे पाणी जिहे-कठापूर येथून उचलून खटावातील नेर आणि माणमधील आंधळी तलावात आणण्याची योजना झाली. उरमोडीचे पाणी आले. आटपाडीकडे टेंभूचे. नव्वदच्या दशकात हाती घेतलेल्या अशा योजनांचे पाणी शेवटच्या गावापर्यंत पोहोचायला पंचवीस-तीस वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात त्यांचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट होतो. याचे एक मोठे कारण म्हणजे दरवर्षी लागेल तेवढा पैसा न मिळणे. या वर्षी वाचवलेला रुपया पुढे दोन-तीन रुपये मागतो. म्हणून अपुऱ्या कामावरची कपात ही बचत नाही. ते चढ्या व्याजाचे कर्जच आहे, फक्त ते कर्जाच्या रकान्यात लिहिलेले नसते.

राज्याने हातावर हात ठेवले होते असे मात्र नाही. टाळेबंदीत दुधाला गिऱ्हाईक राहिले नाही तेव्हा दररोज दहा लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडील दूधवाल्यांना याचे महत्त्व सांगायला नको. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर १० हजार कोटींची मदत जाहीर झाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत निर्बंध आले तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५ हजार ४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यात बांधकाम मजूर, फेरीवाले, रिक्षावाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते, मोफत धान्य होते. १८ ते ४४ वयाच्या लोकांच्या मोफत लसीसाठी राज्याने साडेसहा हजार कोटींची तयारी केली होती. जून २०२१ पासून तो भार केंद्राने उचलला. महामारीनंतर साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या जमेच्या बाजू आहेत, त्या जमेला धरल्याच पाहिजेत.

केंद्र आणि राज्य यांच्यातील एका वादाचाही उल्लेख करतो, कारण त्यात मोठा धडा आहे. वस्तू व सेवा कर आणताना राज्यांना वचन दिले होते की, २०१५-१६ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी १४ टक्के वाढ मिळाली नाही तर पाच वर्षे केंद्र भरपाई देईल. हे वचन लिहिताना महामारी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. २७ ऑगस्ट २०२० च्या परिषदेत २ लाख ३५ हजार कोटींची तूट सांगितली गेली, आणि त्यातील ९७ हजार कोटीच कर बदलल्यामुळे, बाकीची दैवी आपत्तीमुळे, अशी भूमिका केंद्राने घेतली. राज्यांनी कर्ज काढावे, असा मार्ग सुचवला. बऱ्याच खडाजंगीनंतर ऑक्टोबरमध्ये १ लाख १० हजार कोटींचे कर्ज केंद्राने काढून राज्यांना देण्याचे ठरले. भरपाईची रक्कम तुकड्या-तुकड्यांनी येत राहिली. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्राला १४ हजार १४५ कोटी मिळाले, आणि जून २०२२ मध्ये भरपाईची मुदतच संपली. दरम्यान, राज्यांची कर्ज काढण्याची मर्यादा राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली होती, पण वाढीव दोन टक्क्यांतील मोठा भाग अटींवर. धडा असा की, संकटात दुसऱ्याने दिलेले वचन कामी येते, पण वेळेवर येईलच असे नाही. आपल्या उतरंडीत चार दाणे आपले असावे लागतात.

येथे मला आपल्या शेजारच्या एका थोर माणसाची आठवण द्यावीशी वाटते. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. विधान परिषदेचे ते सभापती होते. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला, आणि १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर मोठी झाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी नालाबांध, पाझर तलाव आणि रस्त्यांवर जी खडी फोडली ती याच योजनेतून. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. पण पैसा कुठून आणला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या, व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या मिळकतीतून थोडी रक्कम घ्यायची आणि खेड्यातल्या मजुराच्या कुदळीला काम द्यायचे, हा त्यामागचा हेतू. आजही माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला अडीच हजार त्या करापोटी कापले जातात. पगारपत्रकातील त्या ओळीकडे आम्ही नाखुशीने पाहतो. पण ती ओळ म्हणजे १९७२ च्या दुष्काळाने राज्याला शिकवलेले शहाणपण आहे.

दुष्काळाने आपल्याला एक कर, एक कायदा आणि हजारो तलाव दिले. महामारीने काय दिले? काही दवाखाने दिले, काही महाविद्यालये दिली, आणि पुष्कळसे कर्ज दिले. दुसऱ्या अशा संकटासाठी कायमची तरतूद मात्र दिली नाही. राज्याचा आकस्मिकता निधी आहे, त्याची कायम मर्यादा १५० कोटी रुपये. तो तातडीच्या खर्चासाठी, विधिमंडळाची मंजुरी मिळेपर्यंतची सोय म्हणून असतो. ७८ हजार कोटींच्या खड्ड्यापुढे त्याची काय कथा!

हजरत यूसुफ यांची कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसासकट राखून ठेवले म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश जगला, आणि शेजारचे लोकही धान्यासाठी तेथे आले. ही कथा आपण सबुरीची आणि क्षमेची म्हणून सांगतो. ती एका उत्तम खजिनदाराचीही कथा आहे. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राची महसुली जमा पुन्हा उसळून ३ लाख ३३ हजार कोटींवर गेली. बाजार उघडले, तळे भरू लागले. सुकाळाचे वर्ष ओळखायचे असते ते अशा वेळी. भरल्या वर्षात जमेतील ठरावीक हिस्सा बाजूला काढावा, तो संकटाच्या वर्षीच काढता येईल असा कायदा करावा, आणि निवडणुकीच्या वर्षी त्याला हात लागू नये असे कुलूप त्याला घालावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

दुसरी मागणी अशी की, कपात करण्याची पाळी आलीच तर ती सरसकट टक्क्यांनी होऊ नये. जे पाण्याचे काम निम्म्यावर आले आहे आणि जे दुष्काळी तालुक्यात आहे त्याला शेवटची कात्री लागावी. सुशोभीकरण, स्वागतकमानी, नव्या गाड्या यांना पहिली.

तिसरी गोष्ट मागणीची नाही, कर्तव्याची आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी आपण वेळेवर भरतो का? वरचा पैसा थांबला त्या वर्षी ज्या गावाकडे स्वतःचे चार पैसे होते, त्या गावाला दिव्यासाठी आणि जंतुनाशकासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. दुकानातून माल घेताना पावती मागतो का? न मागितलेल्या पावतीबरोबर तुमच्याच तालुक्याच्या कालव्यातील पाणी गळते. तिजोरी आपली मानायची तर तिच्यात टाकण्याचा वाटाही आपला मानला पाहिजे.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. दरवर्षी मार्च महिन्याच्या आसपास राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात क्रिकेटच्या आधी ते पान उघडा. तीन आकडे वहीत लिहून ठेवा: जमा किती धरली, खर्च किती धरला, तूट किती. त्याखाली आपल्या तालुक्याच्या पाण्याच्या कामासाठी किती रक्कम आली ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच पानावर प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. पाच वर्षे असे केलेत तर तुमच्या वहीत जे असेल ते भल्याभल्या पुढाऱ्यांच्या भाषणात सापडणार नाही. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत किंवा विधानसभेत गेला, तर त्याला विचारता येईल की, साहेब, या वर्षी जमा चांगली आहे, मग वाईट वर्षासाठी बाजूला काय ठेवले?

हा प्रश्न विचारणारी माणसे माणमधून निघावीत. ओढ्याला पाणी आहे तोवर बांध घालावा लागतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला समजणार?